भाऊने शोधलेला आजा

भाऊ गेल्याचं मला कुडाळच्या एसटी स्टँडवर कळलं. मालवणहून येऊन परत तिकडेच जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने मला ओळखलं. तो खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "बाय, ह्याच गाडीन चल. भाऊ सकाळी गेलो." हातातली बाजाराची पिशवी मी शेजारणीकडे दिली आणि गाडीत बसले. वाटभर रडूसुद्धा आलं नाही...

भाऊ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. बंदराजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून तो गलबतांची शिडं शिवायचा. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की सोडायचा नाही. आमच्या आजाचा शोध त्याने असाच मनावर घेतला होता.

आजा, म्हणजे गणू, राणीच्या राज्यात आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला म्हणून मुंबईला गेला, तो परत आला नाही. तेव्हा आत्या नुकती चालायला लागली होती आणि आमचे वडील पोटात होते. बारा वर्षं वाट बघून अशा माणसाचं क्रियाकर्म करायची रीत, पण आजीने ते कुणाला करू दिलं नाही, कुंकूही पुसलं नाही. तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून बोलावणंच बंद झालं. ती गेली तेव्हा हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, यावरून अंगणात कुजबुज सुरू झाली, तेव्हा आत्याने कुणाला न विचारता हिरवं नेसवलं. वडिलांनीही आईचा शब्द पाळला. पितृपक्षातल्या म्हाळाला त्यांनी स्वतःच्या बापाचं पान कधी वाढलं नाही. पुढे तेही गेले. विधवा होऊन माहेरी आलेली आत्या तेवढी उरली. "माझो बापूस मेलो काय जितो ऱ्हवलो, इतक्याच माका कळाक व्हया," एवढंच ती म्हातारपणी म्हणत राही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. शिडाचं कापड आणायला भाऊ अधूनमधून बोटीने मुंबईला जायचा. कापड घेऊन झालं की तो विचारत फिरायचा. जुनी खानेसुमारी बघायला मिळेल का म्हणून एका कचेरीत गेला, तर कारकून म्हणाला, "अहो, त्यात माणसांचे आकडे असतात, नावं कुणी जपून ठेवत नाही." गोदीतल्या बोटवाल्यांच्या ऑफिसातही काही लागलं नाही. दोन-तीन खेपा अशाच गेल्या. मग माझगावात आमच्याच बाजूचा एक म्हातारा खलाशी भेटला. लहानपणी त्याने बापाकडून ऐकलं होतं, की मालवणचा कुणी गणू किरिस्तांव होऊन तिथेच राहिला.

भाऊ चर्चमध्ये गेला. पाद्री गोव्याचे. त्यांनी कोकणीत सगळं ऐकून घेतलं आणि जुन्या लग्नांच्या वह्या काढल्या. सापडलं... गाब्रिएल, आधीचं नाव गणू, गाव मालवण, काम आगबोटीवर. खाली बापाचं नाव, ते आमच्या पणजोबांचंच. बायकोचं नाव मारिया. मग मयतांच्या वहीत तोच गाब्रिएल सापडला, आमची आजी गेल्यानंतरच्या प्लेगात गेलेला. आणि त्याच पानावर, त्याच्याच पाठोपाठ, मारिया.

भाऊ परतला तेव्हा मी माहेरी होते. दोन दिवस तो आत्याच्या समोर आला नाही. शेवटी तिनेच हाक मारली. "गावलो मा? तुझ्या तोंडार दिसता. सांग."

भाऊने काहीही न लपवता सांगितलं. मला वाटलं, ही आता शिव्या घालणार. आत्या म्हणाली, "म्हणजे इतकी वर्सां तो जितो होतो. आवयचा कुकू खोटा नाय होता." आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. आत्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी म्हाळ घालायचा ठरला. भटजींनी मान हलवली. बाटलेल्या माणसाचा म्हाळ कसा घालायचा?

आत्या म्हणाली, "बाटलो म्हणान माझो बापूस व्हायचो ऱ्हवलो काय?"

म्हाळाच्या दिवशी भटजी आले. भाऊ पानं मांडत होता. आत्या दारात बसून बघत होती. तिने विचारलं, "तिका पोर होता?"

"वहीत तरी लिवलेला नाय," भाऊ म्हणाला.

"मगे तिका कोण वाढतला?... एक पान तिचा पण मांड."

आत्या त्यानंतर फार जगली नाही. भाऊने मात्र ते दुसरं पान कधी चुकवलं नाही. वर्षाला एकदा, आमच्या सोवळ्यातल्या घरात, तो मारियाचं नाव मोठ्याने घ्यायचा.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मालवणला जाऊन आले. आता होड्यांना मशीनं बसू लागली आहेत, शिडाचं काम कुणी फारसं आणत नाही. तरी पडवीत एक शीड अर्धं शिवून पडलं आहे. शिवणीच्या टोकाला दाभण तसाच टोचलेला, दोरा ओवलेला. होडीवाला दोनदा येऊन गेला. वहिनी त्याला म्हणाली, "ऱ्हवांदे अजून चार दिस." तो परत गेला. मी शिडावरची धूळ झटकायला हात पुढे केला, तर वहिनीने नुसतं माझ्याकडे बघितलं... मी हात मागे घेतला.