चिकूच्या पोटावरचा चुंबक

दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी माझी सुई हरवली आणि पाठोपाठ अक्कलही. कसं सांगू तुम्हाला, अजून आठवलं की एकटीच हसते!

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहतो. मी घरी साड्यांवर टिकल्या लावते. सांडलेल्या सुया गोळा करायला ह्यांनी जळालेल्या स्पीकरमधला चुंबक काढून दिलाय, कड्यासारखा गोल. तो फरशीवर फिरवला की सुया झोपेतून उठल्यासारख्या उभ्या राहतात. बघतच राहावंसं वाटतं. सातवीत बाईंनी कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली चुंबक धरला होता, तर कीस फुलासारखा उमलला. माझी शाळा तिथेच सुटली. ते फूल मात्र डोळ्यांत राहिलं.

त्या दुपारीही तसंच. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा एका लयीतला आवाज, उन्हात चमकणाऱ्या टिकल्या... माझी तंद्री लागली. भानावर येऊन सुया मोजल्या. सातातल्या सहाच! आणि माझा दहा महिन्यांचा चिकू रांगत समोर आलेला, ओठावर टिकली!

सुई गिळली की काय ह्याने?

चुंबक त्याच्या पोटावर धरला. टक्! चिकटला!

मी अशी किंचाळले की शेजारच्या खानदेशी सुनंदाताई धावत आल्या. "काय व्हयनं वं?"

"ताई, सुई पोटात! चुंबकाने धरून ठेवलीय!"

"मंग हात नको सोडू! मी रिक्षा आनस."

रिक्षाभर मी चुंबक पदराने झाकून घट्ट धरलेला. चिकू खिदळतोय, मी रडतेय. वाटत होतं, आत अंधारात सुई चुंबकाकडे तोंड करून उभी असेल, त्या फुलाच्या पाकळीसारखी. हात हलला तर?

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बेन, लोहचुंबक हटावो."

"नाही हो! सुई आत निसटेल!"

त्यांनी झबलं वर केलं. करगोट्यात लोखंडी अंगठी! नजर लागू नये म्हणून सकाळी मीच बांधलेली. चुंबक तिलाच चिकटलेला.

"मग सुई गेली कुठे?"

डॉक्टरांनी चुंबक खेचून हातात घेतला. "ओ बाप रे!" बोटावर रक्ताचा थेंब. सातवी सुई चुंबकाच्याच मागच्या बाजूला चिकटलेली, इतका वेळ माझ्या पदराखाली निवांत!

इंजेक्शन घ्यावं लागलं, ते डॉक्टरांना.

ओळखीत कोणी सुईकाम करत असेल तर निरोप द्या: लेकराने काही गिळल्याची शंका आली की दवाखाना गाठाच, पण रिक्षात चुंबक एकदा उलटा करून बघा. माझं नाव सांगायची गरज नाही. गोडादऱ्यात सगळ्यांना कळलंय.