शेजारच्या खुर्चीतल्या बाईंची हरकत

गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगलगत टॉवर होणार, म्हणून महापालिकेने हरकती ऐकायला बोलावलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाई सारख्या घरी फोन लावून "आलं का?" एवढंच विचारत आणि मोबाइल मुठीत धरून पुन्हा ताठ बसत.

मी शहाणपणा पाजळला, "आपल्यालाच पाणी पुरत नाही. त्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणारे मूर्खच म्हणायचे."

"मी बुक केलाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

माझी पार भंबेरी उडाली. "मग हरकत कशाला?"

"अहो भाऊ, ताबा मिळेपर्यंत राहायचंय जुन्याच घरात. नवी पाइपलाइन मंजूर झालीय, पण टॉवरनंतर टाकणार म्हणे. तोवर प्यायचं काय?"

त्यांची पाळी आली आणि तेवढ्यात फोन वाजला. घरी नळाला पाणी आलं होतं.

"सासूबाईंना हंडे उचलवत नाहीत हो. माझंही तुम्हीच सांगा," म्हणत त्या निघूनही गेल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोला, टॉवर हवा की नको?"

घरून कडक विरोध घोकून आलेला मी म्हणालो, "साहेब, दोन्ही लिहून घ्या."