दिगूच्या वाटणीची शहाळी

सुनीतावहिनीचा फोन आला तेव्हा मी दिगूच्याच सायकलच्या चाकात हवा भरत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाली. कसाल ते तारकर्ली सायकल फेरी आठवड्यावर आली होती... मी आपला वेड्यासारखा हवा भरतच राहिलो.

दिगूच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिससाठी थेट गोव्यापर्यंत हेलपाटे. एक दिवस वैतागून म्हणाला, "मालवणाक मशीन व्हयी. चल, सायकली काढूया." आम्ही हसलो, पण हा बाबा ऐकतोय कसला. पहिल्या चढापर्यंत स्वतः पुढे, मग टेम्पोत बसून आमच्यावर ओरडत तारकर्लीपर्यंत. गावोगावच्या लोकांनी वर्गणीला हात सैल सोडला, मशीन आली. तिथे रांग लागते म्हटल्यावर हा दुसरीच्या मागे लागला, आणि फेरी दरवर्षीची झाली.

त्या चढाच्या पायथ्याशी रोझीकाकीचं शहाळ्यांचं दुकान. फेरीतल्या सगळ्यांना ती फुकट शहाळी पाजायची आणि सगळ्यात मोठं दिगूसाठी राखून ठेवायची. आता किडनीच्या रोग्याला शहाळं म्हणजे विष, डॉक्टरांनी बजावलेलं. पण आमच्याकडे प्रेमाने पुढे केलेलं शहाळं नाकारायचं कसं? दिगू ते नुसतं ओठांना लावायचा, "खूब गोड आसा गो काकी" म्हणायचा आणि तिची पाठ वळली की माझ्या हातात सरकवायचा. माझं पोट तट्ट. "सांगून टाक ना तिका," मी चिडायचो.

"तिका वायट वाटतला रे. पी गप."

आणि झालं काय, बाराव्याला कुणा शहाण्याने काकीला सांगितलं की तसल्या रोग्याला शहाळं चालत नाही. तेव्हापासून तिचं दुकान बंद. मला जेवण गोड लागेना. सांगावं तर दिगूचं सोंग उघडं पडणार, न सांगावं तर म्हातारी झुरून मरणार. दोनदा तिच्या बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, जाऊन परत फिरलो. राग यायचा तो दिगूचाच... स्वतः सुटला, मला अडकवून गेला.

गेल्या रविवारी त्याचीच सायकल काढली आणि गेलो. काकी पडवीत बसली होती. सायकल ओळखली तिने.

"माज्या शहाळ्यांनी गेलो काय रे तो? खरा सांग."

"तेना थेंबव पिऊक नाय, काकी. सगळी मी पियालंय."

काकी रडली. मग मला दोन शिव्या हासडल्या, दिगूला चार. उठून कोयता घेतला, दोन शहाळी तासली. एक माझ्या हातात दिलं. ते संपल्यावर दुसरं, मोठं, पुढे केलं.

"ह्या तेचा. आता माज्यासमोर पी. लपान नको."

प्यायलो. पण ते काही केल्या संपेना.