पावती जपणारी व्हर्ना

व्हर्ना शोव्हँ खोटं बोलत नसे असं मी म्हणणार नाही. वयाबद्दल बोलायची, आणि पत्ते खेळताना तर डोळ्यांत डोळे घालून बोलायची. पण पुलावर कधी नाही.

आमच्या विंडसरमध्ये हे पोरांना दात यायच्या आत शिकवतात. नदीच्या अलीकडे आम्ही कॅनडावाले, पलीकडे डेट्रॉइट. निम्म्या गावाच्या मुली तिकडे दिलेल्या. रविवारी पूल ओलांडायचा म्हणजे आमच्या लेखी गल्ली ओलांडायची. खिडकीतला अधिकारी विचारतो, सोबत काय आहे? जे आहे ते सांगायचं. टोमॅटो असले तर टोमॅटो म्हणायचं. विकत घेतलेलं काही असलं तर पावती पुढे करायची. "पावती असली की पूल सोडतो," हे व्हर्नाच्या बापाचं वाक्य. बाप इंजिनाच्या कारखान्यात होता. देवावर त्याचा फारसा भरवसा नव्हता, पावतीवर होता. व्हर्नाच्या पर्सला आत एक चेनचा कप्पा होता, त्यात तिने आयुष्यभर पावत्याच ठेवल्या. बुटाची पावती बूट फाटेपर्यंत असायची.

तिने उभी हयात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवण्यात घालवली. जाड कापड, जाड सुई, आणि डोक्यावर बसलेला मुकादम. निवृत्त झाली तेव्हा बोटं सुंठीसारखी वाकडी झालेली. चालवायची ती गाडीही आमच्याच गावच्या कारखान्यातली. कुणी नवीन माणूस बसला की म्हणायची, "नीट टेकून बस, टाका माझा आहे."

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला. तिचं माणूस एकच, ऑड्री, थोरली बहीण. डेट्रॉइटमध्ये दिलेली, विधवा, देवळाला, म्हणजे चर्चला, धरून असलेली. दर रविवारी व्हर्ना इकडचा पिझ्झा घेऊन जायची, किसलेल्या पेपरोनीचा आणि डब्यातल्या अळंब्यांचा, कारण ऑड्रीच्या मते तिकडे लोकांना पिझ्झा करताच येत नाही. जेवण झालं की दोघी पत्ते मांडायच्या आणि संध्याकाळपर्यंत एकमेकींना लबाड म्हणायच्या.

साथीत पूल बंद झाला तेव्हा हे सगळं थांबलं. पूल उघडला तोवर ऑड्रीच्या हाडांत कॅन्सर शिरला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, पण बाई हातात पत्ते धरूनच झोपी जायची. व्हर्ना मला म्हणाली, "अगं, मी पूल ओलांडून तिचं घोरणं ऐकायला जाते का? रविवारी दुपारी तेवढी ती मला जागी हवी. बाकीचे दिवस झोपू दे तिला."

म्हणून तिच्या मनात गांजा आला.

गांजाचा कायदा बदला म्हणून मी या गावात घसा फुटेस्तोवर ओरडलेली बाई आहे. कारखान्यातली पोरं एका विडीपायी नोकरीला मुकलेली मी पाहिलीत, आणि त्यांना मुकवणारे साहेब संध्याकाळी व्हिस्की ढोसताना पाहिलेत. त्यामुळे कायदा आला तेव्हा मी व्हर्नाला म्हटलं होतं, आता मान वर करून दुकानात जायचं, चोरासारखं नाही. तिने ते मनावर घेतलं.

ड्रुलार्ड रोडला पूर्वी टायरचं दुकान होतं तिथे गांजाचं दुकान झालंय. आम्ही दोघी गेलो तेव्हा पुढे पाळी सुटलेले चार कामगार उभे, जेवणाचे डबे काखोटीला. व्हर्ना देवळात जायचा कोट घालून आली होती. काउंटरवरच्या पोरीचं नाव नादीन, लेबनॉनवाल्या बेकरीवाल्यांची नात.

"आजी, ओळखपत्र दाखवा."

"बाळ, माझ्याकडे बघून तुला मी अठराची वाटते?"

"नियम आहे आजी. नव्वदीच्या माणसाचंही बघते मी."

"चला, कुणीतरी नियम पाळतंय." व्हर्ना खूश झाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बहिणीसाठी हवंय. दुखणं कमी व्हावं, पण माणूस झोपू नये. पत्ते खेळायचेत."

नादीनने तेलाची छोटी बाटली काढली. जिभेखाली थोडे थेंब, आधी अगदी कमी, आणि गोळ्यांवर घेण्याआधी तिच्या डॉक्टरला विचारा, असं दोनदा बजावलं. व्हर्नाने बाटली उजेडात धरली. झाकणावर सरकारी शिक्का होता. त्यावरून तिने वाकडं बोट फिरवलं.

"आम्ही घ्यायचो ते मुकादमाच्या भाच्याकडून, ब्रेडच्या पिशवीत," ती म्हणाली. "अर्धं गवतच असायचं."

मागचा कामगार हसला. "आजी, तो भाचा म्हणजे माझा बाप."

"मग त्याला सांग, व्हर्ना अजून शिव्या देते."

नादीनने पावती दिली. व्हर्नाने ती घडी घालून चेनच्या कप्प्यात ठेवली. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. पावती तर ती सगळ्याचीच ठेवायची.

तिकडेही हे आता कायद्याने मिळतं, मग इथून कशाला न्यायचं, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ऑड्री तिकडच्या दुकानात पाय ठेवणार नाही. तिचा पोरगा डॅरिल देवळात प्रार्थना सांगतो, तोही जाणार नाही. मी दिलं तर घेईल. लहानपणी एरंडेलही माझ्याच हातून घ्यायची."

डॉक्टरांना तिने फोनवर विचारून घेतलं. आणि रविवारी निघाली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं, पाणी पीत, एकेक शब्द मोजून.

पुलाच्या अलीकडे पाटी आहे, गांजा हद्दीपलीकडे नेऊ नका. ती पाटी तिने वाचली होती. कितीदा तरी. तिला वाटलं, ती लपवून नेणाऱ्यांसाठी आहे. नदीच्या या काठाला कायदेशीर, त्या काठाला कायदेशीर, आणि मधल्या पुलावर गुन्हा, हे गणित तिच्या बापालाही सुटलं नसतं. तिकडे गांजा सोडलाय तो राज्याने, पण हद्द देशाच्या सरकारची, आणि त्या सरकारच्या वहीत गांजा म्हणजे अजून गुन्हाच.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, सोबत काय आहे?"

"एक पिझ्झा, पत्त्यांचा जोड, आणि बहिणीसाठी गांजाचं तेल. ही पावती."

तो पावतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी बाजूला घ्या."

आतल्या खोलीत एक वयस्क बाई होती. वाईट नव्हती, व्हर्नाच म्हणाली. तिने विचारलं, तुम्ही स्वतः कधी ओढला आहे का? कायदा बदलायच्या आधी? व्हर्ना म्हणाली, "हो तर. सीटच्या खात्यात कोण नव्हतं ओढत? शीण घालवायची दुसरी सोय काय होती आम्हाला?" त्या बाईने ते लिहून घेतलं, व्हर्नाला वाचून दाखवलं, सही करा म्हटलं. व्हर्नाने सही केली. खरंच होतं ते.

बोटांचे ठसे घेताना वाकडी बोटं काचेवर सरळ टेकेनात. दोघींनी मिळून ती दाबली.

पिझ्झा परत मिळाला, बाटली जप्त झाली. बाटली आणि त्या सहीवरून तिला अमेरिकेत पाऊल ठेवायला मनाई झाली. विशेष परवानगीचा अर्ज करता येतो, त्याला वर्ष तरी लागतं, असं त्या बाईने सांगितलं. व्हर्नाने विचारलं, "माझी बहीण वर्ष काढणार नाही. तिला काय सांगू?" त्या बाईने अर्जाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

मी दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन भांडले. वकील म्हणाला, तिने काही न बोलता बाटली घरी ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, ते मला कळतं, पुढचं बोल. पुढचं त्याच्याकडे अर्जाशिवाय काही नव्हतं. अर्ज केला. ऑड्रीला इकडे आणावं तर तिचा पासपोर्ट केव्हाच संपलेला, आणि ती खुर्चीतूनही उठत नव्हती.

मग डॅरिलने एक केलं. रविवारी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून नदीकाठी आणायचं. तिकडचा काठ आणि आमचा काठ समोरासमोर आहेत, मधे मालवाहू बोटी जातात. व्हर्ना लाल टेबलक्लॉथ घेऊन उभी राहायची. फोन कानाला.

"दिसतेय का मी?" व्हर्ना विचारायची.

"लाल काहीतरी हलतंय. तू आहेस की धुणं?"

"धुणंच समज. तुझ्यापेक्षा बरं दिसतंय."

"व्हर्ने, तू त्या माणसाला सांगितलंस कशाला?"

"पुलावर होते मी, ऑड्री."

मग ऑड्री म्हणाली, "बापाने तुलाच जास्त शिकवलं. मी बुटाचं बिल कधीच दाखवलं नाही. पायात घालून यायचे."

व्हर्ना हसली, पण टेबलक्लॉथ धरलेला हात खाली आला. मी शेजारीच उभी होते.

असे थोडेच रविवार मिळाले. पानगळ सुरू झाली आणि ऑड्री गेली. अंत्यविधी तिकडे झाला. डॅरिलने फोन शवपेटीजवळ ठेवला, व्हर्ना आपल्या स्वयंपाकघरात देवळाचा कोट घालून बसली आणि ऐकत राहिली. भजन संपल्यावर मला म्हणाली, "एकदाच खोटं बोलायला हवं होतं. टोमॅटो म्हणायचं. जिभेला काय झालं असतं?" मी आयुष्यभर लोकांना खरं बोला, मान वर ठेवा, असं सांगत फिरले. मला राग येतो, पण कुणावर काढावा ते कळत नाही, आणि माझ्यासारखीला हे फार जड जातं.

हिवाळ्यात तिची बोटं फार दुखायला लागली. मी तिला पुन्हा ड्रुलार्ड रोडला घेऊन गेले. नादीनने लगेच ओळखलं.

"आजी, बहीण कशी आहे? जागी राहते ना रविवारी?"

"आता तिला झोपू देतात," व्हर्ना म्हणाली. "या वेळी माझ्या हातांसाठी दे."

नादीनने तीच बाटली दिली, तोच शिक्का. यंत्रातून कागद बाहेर आला, तिने तो फाडून पुढे केला.

व्हर्नाने पर्स उघडली. आतली चेन ओढायला बोट गेलं आणि तिथेच थांबलं. तिने पर्स मिटली.

"नको बाळ," ती म्हणाली. "पावती नको."