केंदूरचा स्लॅब

शिरूरच्या आमच्या दुकानात सिमेंट, सळई, पत्रे, सगळं चालायचं. फक्त मी तिथं बसलेली अब्बांना चालायची नाही. मुलगा नाही म्हणून दुकान दौंडच्या माझ्या चुलतभावाला द्यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवतही नव्हते. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून आले, ती एक जुना कॉम्प्युटर गल्ल्याशेजारी मांडूनच बसले.

कोणत्या गावात कुणाचं बांधकाम कुठवर आलंय, ते सगळं मी त्यात भरलं. इंटरनेटवरून रोज त्या त्या भागाचं हवामान उतरायचं आणि केबलनं जोडलेल्या मोबाइलवरून मेसेज आपोआप सुटायचे. दौंडकडे ऊन तापलं, की नुकत्याच भिंती उभ्या केलेल्याला: भिंतींना पाणी मारा, पाइप आमच्याकडे आहे. पाबळकडे वारं सुटणार असलं, की पत्रे टाकणाऱ्याला: हूक घट्ट करा, कमी पडले तर या. त्या उन्हाळ्यात पाइप मागवता मागवता नाकी नऊ आले.

"ऊन हाय म्हणून पाइप खपला," अब्बा म्हणाले. "त्यात मशीनचं काय कौतुक?"

मग वैशाखात केंदूरच्या आप्पांचा स्लॅब आला. आप्पा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गुरुजींनी मुहूर्त काढून दिलेला, मजुरांसाठी जिलेबी सांगितलेली, आमच्या दारात सिमेंटचा ट्रक भरून उभा. आणि त्याच सकाळी मशीननं आपणहून आप्पांना कळवलं: दुपारनंतर जोराचा पाऊस, आज स्लॅब टाकू नका.

आप्पांचा फोन अब्बांनी घेतला. "शेठ, तुमच्याच दुकानानं सांगितलं म्हणून थांबलो. ट्रक आज नका धाडू."

फोन ठेवून अब्बा माझ्याकडे वळले. "दुकानदारानंच गिऱ्हाईक माघारी धाडल्यालं मी आजवर पाह्यलं न्हाई. आज पाऊस न्हाई आला, तर मशीन भंगारात आन् तू घरात."

"आन् आला तर?"

ते दारात खुर्ची टाकून आभाळाकडे तोंड करून बसले.

आभाळ लख्ख होतं. शेजारचे दुकानदार काही काम नसताना येत आणि "शेठ, छत्री आणली का?" विचारून जात. मी पुन्हा पुन्हा हवामान उघडून बघत होते; ते आपलं म्हणणं सोडत नव्हतं. दुपार कलली तरी शिरूरात झाडाचं पान हललं नाही. शेवटी अब्बा उठले, आत आले आणि त्यांनी कॉम्प्युटरची वायर उपटली.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पा एवढ्या मोठ्यानं बोलत होते, की मला गल्ल्यापलीकडून ऐकू आलं.

"हितं गारांचा खच पडलाय, शेठ. स्लॅब ओतला असता तर निम्मं सिमेंट वढ्याला गेलं असतं. पोरीला सांगा, आता ती म्हणंल तवाच टाकायचा."

अब्बा सिमेंटच्या गोणीवर बसले. मग खाली वाकून त्यांनी वायर स्वतःच परत जोडली. मला इतका आनंद झाला, की मी तोंडावर ओढणीसुद्धा धरली नाही, सरळ हसले.

आप्पांचा स्लॅब मी सांगितल्या दिवशी पडला. ही गोष्ट त्यांनी बाजारात, सोसायटीत, लग्नांत, जिथं तोंड उघडता येईल तिथं सांगितली. मग ज्यांनी कधी आमच्याकडून खिळा नेला नव्हता, तेही येऊन "आमचा नंबर मशीनमधी घाला" म्हणू लागले. चुलतभाऊ दौंडहून ही युक्ती शिकायला आला, तेव्हा मी आधी सगळी गिऱ्हाइकं उरकली. तो चहा पीत बसला.

तो बसलेला असतानाच केंदूरच्या गुरुजींचा फोन आला. कुणाच्या तरी स्लॅबचा मुहूर्त काढायचा होता. पंचांगात पाऊस असतो, पण केंदूरचा वेगळा नसतो, असं ते म्हणाले. अब्बांनी ऐकून घेतलं, सवयीनं एकदा दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं आणि भावाच्या देखत फोन माझ्याकडे सरकवत म्हणाले,

"थांबा गुरुजी, मालकिणीला देतो."