रिकामा तळहात

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात दर गुरुवारी सायखेड्याचे एक काका येतात. दारू आणि तंबाखू दोन्ही सुटून बरीच वर्षं झाली, पण गटात बसले की त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरायला लागतो. हातात काहीच नाही, तरी मळायचं, थापटायचं, वरची भुकटी फुंकून टाकायची. मला ते बघवत नसे. जुनी सवय जुनी ओढही जागी करते, हे मी शिकले आहे आणि नव्या समुपदेशकांना शिकवतेही. एकदा हटकलं, तर म्हणाले, "मॅडम, तंबाखू सुटली. पण हात कुठं ठिवू?"

गेल्या गुरुवारी दिंडोरीकडचा एक ट्रॅक्टरवाला गटात होता. भावाने आणून दाखल केल्यापासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. मी तर विचारून विचारून थकले होते. काका त्याच्या शेजारी सरकले, नेहमीसारखं मळलं, थापटलं आणि रिकामा तळहात त्याच्यापुढे धरला.

तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने हळूच चिमूट उचलली, खालच्या ओठात ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"चुना लय झाला, काका."