कासारणीचा अर्धा आशीर्वाद

माझा स्वभाव संशयी आहे असं माझ्या सुना म्हणतात. खरं तेच म्हणतात. पण हा स्वभाव मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता, तो मला दुकानाने लावला.

बुऱ्हाणपुरात इतवारा पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. बाबा बांगड्यांची गाठोडी घेऊन गावोगावचे बाजार करायचे, कधी गाडीने चांदनीला, कधी बैलगाडीने तापीकाठच्या खेड्यांत. दुकान आई बघायची. आम्ही दोघं भावंडं तिच्या हाताखाली. मी आठेक वर्षांची, भाऊ पाचाचा. माझं काम म्हणजे प्रत्येक बांगडीवर नखाने टिचकी मारून ऐकायचं. चांगली खणखणते, तडा गेलेली दबून बोलते. "दिसायला सगळ्या सारख्याच," बाबा सांगायचे, "म्हणून एकीवरही विश्वास ठेवायचा नाही." मग मी बांगड्यांवर ठेवला नाही आणि हळूहळू माणसांवरही ठेवेनाशी झाले.

भावाचं काम काचा वेचायचं. बांगडी फुटली असं आमच्या घरात म्हणायची बंदी होती, बांगडी 'वाढली' म्हणायचं. त्याचं दुसरं काम त्याने स्वतःच शोधलं होतं. बांगड्या भरून झाल्या की बाई, वयाने कितीही मोठी असो, कासारणीला वाकून नमस्कार करते आणि कासारीण आशीर्वाद देते. आईच्या मागोमाग हा पठ्ठ्याही हात वर करून ओरडायचा, "अखंड सौभाग्यवती हो! पुढच्या आखाजीला परत ये!" आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात. बायका हसून लोटपोट व्हायच्या. मला मात्र त्याचा राग यायचा, कारण टिचक्या मारणाऱ्या पोरीकडे कोण बघतं?

त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक बाई राहायला आली. मोगलाईतून, म्हणजे हैदराबाद संस्थानातून, तिकडच्या धामधुमीत जीव वाचवून आलेली. बरोबर शिवणाचं एक हातमशीन होतं. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. 'हे मागं राहिलेत, येतील,' एवढंच सांगायची. आम्ही तिला मोगलाईवाली मावशी म्हणायचो. चोळ्या इतक्या सुबक शिवायची की वर्षभरात इतवारा, बुधवारा, दोन्हीकडच्या नवऱ्या मुलींच्या चोळ्या तिच्याकडे येऊ लागल्या.

पुढे संस्थान विलीन झालं. लोकांनी पेढे वाटले. आणि गल्लीत कुजबूज सुरू झाली.

"आता तं रस्ते खुले झाले," कापसाच्या अडत्यांच्या घरच्या काकू एकदा मलाच कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या. "जो तो आपल्या मुलखात परत जाऊन राहिला. मंग हिचा नवरा येत का नाही? आणि ही जात का नाही? काही तरी गडबड आहे, पक्की. तू दुकानात असतेस, डोळे उघडे ठेवशील का व पोरी?"

मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी ठेवलेलेच होते. मावशीच्या दोन्ही मनगटांवर, आतल्या बाजूला, बारीक पांढरे वण होते. दोन्हीकडे एकाच जागी. 'विहिरीच्या काठावर पडले होते,' असं ती आईला एकदा म्हणाली होती. पडणारं माणूस एका हातावर पडतं. नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या दगडावर कशा वाढवतात ते मी गल्लीत पाहिलं होतं.

आणि दुसरी गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मावशी नमस्काराला वाकली की आई तिला "सुखी राहा" एवढंच म्हणायची. बाकी सगळ्यांना अखंड सौभाग्यवती, हिला अर्धाच आशीर्वाद. पहिल्यांदा वाटलं आई विसरली. दुसऱ्यांदा मी कान टवकारले. तिसऱ्यांदा खात्री झाली की आईलाही संशय आहे, आणि तरी ती तिला हिरव्या बांगड्या भरते आहे.

मी घाबरले. मावशी विधवा ठरली तर नवऱ्या मुलीची चोळी तिच्याकडे कोण टाकणार? तिचं पोट त्यावर होतं. आणि विधवेला चुडा भरणाऱ्या कासारणीकडे लग्नाचा चुडा भरायला कोण येणार? आमचंही पोट त्यावरच होतं.

आखाजीच्या आधी अडत्यांच्या काकू लेकीला घेऊन आल्या. लग्न ठरलं होतं, घरातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या आमच्याकडून घ्यायच्या होत्या. चोळ्या मावशीकडे शिवायला टाकलेल्या. आणि नेमकी तेव्हाच मावशी आली. तिची एक बांगडी वाढली होती.

"आधी हिचं होऊ द्या," काकू सरकून बसल्या. "आम्ही बघतो."

त्या सहज बोलल्या नव्हत्या. आईने मावशीचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला, बोटं दाबत दाबत बांगडी चढवली. मावशी वाकली.

"आशीर्वाद द्या ना, कासारीणबाई," काकू म्हणाल्या. "चांगला मोठ्याने. आमच्या पोरीच्या चोळ्या हिच्याच हातात आहेत."

आईने उरलेल्या बांगड्या पुन्हा दोरीत ओवायला घेतल्या. माझी आई दर सांगताना खोटं बोलली असेल, आशीर्वादात कधी बोलली नाही. मावशी वाकलेलीच होती, तिची पाठ मला दिसत होती. मी भावाच्या बरगडीत जोरात कोपर मारलं.

"अखंड सौभाग्यवती हो!" तो केकाटला. "पुढच्या आखाजीला परत ये!"

सगळ्या हसल्या. काकूंनाही हसू आवरेना. मावशी उठली ती पदराने तोंड पुसत, मागे न बघता निघून गेली. मग काकूंच्या लेकीचा चुडा झाला. ती नमस्काराला वाकली.

"सुखी राहा," आई म्हणाली.

काकू वाट बघत राहिल्या. "एवढंच? मागच्या वेळी तं पूर्ण म्हटलं होतं तुम्ही."

"आता ते माझा पोरगा म्हणतो," आई म्हणाली. "त्याने म्हटलं की बायका जास्त खूष होतात."

भावाला कोपर मारायची गरज पडली नाही.

संध्याकाळी बांगड्या दोरीत ओवताना आईने विचारलं, "त्याला कोपर का मारलंस?"

"तू तिला नेहमी अर्धाच आशीर्वाद देतेस म्हणून. ती विधवा आहे का?"

आईने दोरीला गाठ मारली. "मला माहीत नाही. विचारलं नाही, आणि तूही विचारायचं नाही. बांगडी चढवायला हात लागतो, तेवढा तिच्याकडे आहे."

त्या दिवसापासून आईने कोणालाच पूर्ण आशीर्वाद दिला नाही. सावकाराची सून असो की भाजी विकणारी कुंजडीण, 'सुखी राहा'. ज्यांना आणखी हवं होतं त्यांच्यासाठी भाऊ होता. तो मोठा होऊन लाजायला लागला तोवर बायकांना सवय झाली होती. मावशी आमच्याच गल्लीत म्हातारी झाली, शेवटपर्यंत हिरव्या बांगड्या घालून. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि माझ्यासारखीला ते न कळणं अजून जड जातं.

माझ्या लग्नात आईनेच माझा चुडा भरला. मी वाकले. आज तरी, पोटच्या पोरीला तरी, म्हणून वाट बघत तशीच थांबले. "सुखी राहा," ती म्हणाली आणि मला उठवलं. मी रडले. लोकांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते आहे. मला आईचा राग आला होता.

यजमानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वेळी जावेने माझ्या बांगड्या वाढवायला हात घातला तेव्हा मी हात मागे घेतला. आईने भरलेल्या त्या नव्हत्याच, त्या केव्हाच वाढल्या होत्या. पण तिने जे म्हटलं होतं, त्यात नवऱ्याचं नाव नव्हतं. अजूनही लग्नाकार्यात नव्या ओळखीच्या बायका माझ्या कपाळाकडे बघतात, मग मनगटातल्या बांगड्यांकडे, मग एकमेकींकडे. मी त्यांना काही सांगत नाही.